बिब्याच्या खुणा

बा, परवा वाचनालयात माझं व्याख्यान आहे. माणूस लिहायला कसा शिकला, हा विषय मीच निवडला. तू असतास तर म्हणाला असतास, "शाळेचं तोंड नाई पाह्यलं अन् शायन्या मानसाईले शिकवाले चालला!" खरं आहे. शाळेत गेलो नाही. पण जे शिकलो ते पारखून घेतलं, ऐकीव काही ठेवलं नाही. सुमेर देशातले लोक ओल्या मातीच्या पाट्यांवर बोरूच्या काडीनं आधी धान्याची, जनावरांची चित्रं काढत. पुढे त्यांच्या ध्यानात आलं की आपल्या भाषेत बाण आणि आयुष्य यांचा उच्चार एकच आहे. म्हणून त्यांनी बाण काढला आणि तो 'आयुष्य' असा वाचला. ज्या क्षणी चित्र वस्तूला सोडून आवाजाला चिकटलं, त्या क्षणी लिहिणं सुरू झालं. हे सगळं मी बोलणार आहे. आणि सुमेरच्या आधी, पहिल्याच पानावर, तुझ्या खुणा आहेत.

भांडण त्या पानावरून झालं. वाचनालयाचे चिटणीस सभ्य माणूस आहेत, वकिली करतात. कागद वाचून म्हणाले, "अहो, तुमचं सुमेर ठीक, मिसर ठीक, ब्राह्मी तर फारच छान. पण हे परटाचं कशाला? लोक हसतील. आणि खूण म्हणजे लिपी नव्हे, हे तुम्हालाही ठाऊक आहे."

मी म्हटलं, "ठाऊक आहे. पान राहील."

"मग मला दुसरा वक्ता पाहावा लागेल."

"पाहा," म्हटलं, आणि उठून आलो.

घरी येईपर्यंत मला वणा नदीवरचा आपला धुण्याचा घाट दिसत होता. कपड्यांची भट्टी चढलेली आहे, खाराचा वास नाकात बसलाय, आणि तू उकिडवा बसून बिब्यात सुई टोचतोस. धोतराच्या काठाला आतून एक रेघ, तिला दोन फाटे, पक्की व्हायला वर चुन्याचं बोट; खूण काळी होते आणि धोतर विरलं तरी जात नाही. मी पुड्यांच्या कागदांवरून अक्षरं जुळवायला नुकताच शिकलेला. एका सदऱ्यावर मी बिब्यानं मालकाचं नाव लिहिलं. बिबा लागून बोट उतलं होतं, तरी वेलांटी बरोबर काढली होती. तू सदरा उलटासुलटा केलास.

"कोन वाचीन हे? मी का तुई माय?"

"मालक वाचीन."

"त्याले त्याचा सदरा मालूमच हाये, लेका. वयखाचा आपल्याले असते."

तेव्हा राग आला होता. आज तेच वाक्य मी व्याख्यानात घेतलं आहे: लिहिलेलं कोणासाठी असतं, ते आधी पाहावं.

आणि तो तेलीपुऱ्यातला धाकटा आठवतो? भाऊ वेगळे झाले की थोरल्याची खूण तशीच ठेवायची आणि धाकट्याच्या खुणेला एक टिपका वाढवायचा, ही तुझी रीत. तो तणतणत दारात आला, "मीच काऊन टिपका घेऊ? त्याले द्या ना!" तू मान वर न करता म्हणालास, "त्याले देल्ला त तू मोठा होशीन का? घ्याचा नसन त धोतर घरीच धूजो." गेला बापडा टिपका घेऊन. एका टिपक्यात घर, वाटणी आणि थोरला-धाकटा, एवढं सगळं मावत होतं. लिपीच्या उंबरठ्याशी ही खूण उभी होती, असं मी म्हणणार. आत आली होती, असं म्हणणार नाही. तिच्यावरून धोतर कोणाचं ते कळतं. तो माणूस आजारी आहे, उद्या यायचा नाही, हे तिला सांगता येत नाही. तुझा मुलगा असलो म्हणून मोजमाप बदलणार नाही.

काल चिटणिसांचा निरोप आला: व्याख्यान तुमचंच, पान राहू द्या, मात्र खुणा म्हणजे लिपी नव्हे, हे उघड सांगा. उलट कळवलं, ते वाक्य मी आधीच लिहिलं आहे, तुम्ही पान पुरतं वाचलं नाही. परवा मी सगळ्या सभेला धोतराचा, सदऱ्याचा काठ उलटून पाहायला सांगणार आहे. हसू देत. घाटावर आता माझा धाकटा भाऊ आहे आणि तो तुझ्याच खुणा चालवतो. अर्धी सभा तुझीच खूण अंगावर घालून बसलेली असेल.

हे पत्र धाडायचं कुठे! तुला वाचता येत नव्हतं. मामाची पत्रं यायची ती मीच वाचून दाखवायचो, एक शब्द गाळायचा नाही असा तुझा हुकूम. हेही तुझ्या हाती पडलं असतं तर मीच वाचलं असतं. आणि बा, तुझ्या खुणा म्हणजे लिपी नव्हे, एवढं एक वाक्य मी न वाचता पुढे गेलो असतो.