चष्म्याच्या डबीवरचा नंबर

३ ऑगस्ट

ती. ताईस, सा. न. वि. वि.

फोनवर आपण दोघंही तोफा डागतो म्हणून पत्रांचा करार झाला, तो मी पाळतोय. कॉलेज सोडल्याबद्दल झापायचं तर तेही लिहूनच झाप.

सोफ्याच्या कारखान्यात शिलाई जमतेय. आतड्याच्या सुजेनं मात्र पुन्हा उचल खाल्लीय, मशीनवरून सारखं संडासाकडे पळतो. त्यात डावी पोटरी टम्म फुगलीय, गरम लागते. सगळा मशीनच्या पायडलचा प्रताप! सुट्टीच्या दिवशी ती तेल लावून रगडून देणार आहे. ती म्हणजे तीच, चष्म्याच्या दुकानातली. कपाळाला आठ्या घालू नकोस. लग्न करीन तर तिच्याशीच. तिनं तुझ्यासाठी निवडलेला चष्मा डबीतच पडून असेल ना?

रागावलीस तरी माया आटू देऊ नकोस.

तुझा धाकटा

६ ऑगस्ट

चि. धाकट्यास, अ. उ. आ.

गाढवा, पत्र आत्ताच वाचलं. आतड्याची सूज भडकली की रक्तात गुठळ्या व्हायचा धोका वाढतो, एकच पाय सुजला तर तडक या, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. तू तेव्हा दाराबाहेर तिच्याशी गुलुगुलु करत होतास! गुठळी सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेततं. आणि तुम्ही चोळायला निघालात!

किती फोन केले, पण करार पाळणारे महाराज उचलतील तर शपथ. शेवटी ती डबी काढली, वरचा दुकानाचा नंबर फिरवला. म्हटलं, मी त्याची ताई. तेल राहू दे, त्याला आत्ताच्या आत्ता दवाखान्यात ने. ती एवढंच म्हणाली, निघालेच.

मीही निघतेय. हे पत्र स्वतःच हातात देईन; तोंड उघडलं तर ओरडेन.

आशीर्वाद आहेतच, आधी धड राहा.

ताई

७ ऑगस्ट

ती. ताईस, सा. न. वि. वि.

तू समोर खुर्चीत पेंगतेयस, तरी लिहितोय. पायात गुठळीच निघाली. रक्त पातळ करायची इंजेक्शनं चालू आहेत, आतड्याचंही औषध बदललंय. वेळेत आणलंत, असं डॉक्टर म्हणाले.

काल ती धापा टाकत कारखान्यात आली तेव्हा मी सगळ्यांसमोर तिच्यावर खेकसलो, ताईला फितूर झालीस म्हणून. ती म्हणाली, भांडण नंतर, ताईंनी सांगितलंय, ऊठ.

तू तो चष्मा लावून आलीस, मी पाहिलं. झोपेत घसरत होता, तिनं हलकेच काढून घेतला, ओढणीनं पुसला. उठलीस की शोधशील. माझ्याकडे मागू नकोस, तिच्याकडे माग.

लोभ आता दोघांवर वाटून असू दे.

तुझा धाकटा