केळ्यातली गोळी

ती. आईस, इथूनच वाकून नमस्कार. आधी सांगते, नोकरी शाबूत आहे. पुढचं निवांत वाच.

आमच्या मनोरुग्णांच्या वॉर्डात एक आजोबा आहेत. नाव विचारू नकोस, सांगायला कायद्याने बंदी आहे. सोमवारी ते गोळी घेईनात. मी पडले तुझी लेक. गोळी केळ्यात खुपसली आणि केळं हसत हसत पुढे केलं.

आजोबांनी केळं चवीने खाल्लं आणि गोळी पुसून माझ्या हातावर ठेवली. म्हणाले, "सिस्टर, ही कशाची, एवढंच विचारायचं होतं मला."

मोठ्या सिस्टरनी माझी चांगलीच हजेरी घेतली. ज्याला कळतंय त्याला नाही म्हणायचा हक्क आहे, फसवून औषध द्यायचं नाही. मग सगळा प्रकार आजोबांच्या केसपेपरवर माझ्याच अक्षरात लिहायला लावला, केळ्यासकट, खाली सही. दोन दिवस घास उतरला नाही. आता जेवते.

आता मी रोज गोळी कशाची ते सांगते, आजोबा चार प्रश्न विचारतात आणि घेतात.

बाबांचं बीपी कसं आहे? त्यांची गोळी अजून भाजीत कुस्करतेस ना? बंद कर. सांगून दे. ओरडले तर ओरडू देत.

आणि लहानपणी रोज संध्याकाळी मला केळं मिळायचं, दादाला नाही. इतकी वर्षं मी स्वतःला लाडकी समजत आले. आई, ती गोळी कशाची होती?

उत्तराची वाट बघणारी,
तुझी धाकटी