मुंडी डावीकडे

४ एप्रिल, शुक्रवार
मुलगा दौलेत ऑफिसच्या कामाला अल्माटीला गेला होता. तिथून पत्त्यांचा खेळ घेऊन आला. डबी साबणाच्या वडीएवढी, नाव 'दस्तरखान', म्हणजे जेवण मांडायची चादर. पत्त्यांवर जेवणाची चित्रं. मी एकोणचाळीस वर्षं गणित शिकवलं, शिक्षकांच्या बुद्धिबळात दोनदा पहिली आले, आणि आता चौसष्टाव्या वर्षी चित्रातले बौर्साक, मैद्याच्या तळलेल्या लाट्या, गोळा करायचे.

नियम असे: प्रत्येकाला सात पत्ते. एक ठेवायचा, उरलेले डावीकडच्याला द्यायचे. ठेवलेला पत्ता सगळ्यांनी एकदम उघडायचा. मग उजवीकडून आलेल्यांतला पुन्हा एक. मेंढीची मुंडी मिळाली तर दहा पॉइंट. तीन बौर्साक जमले तर नऊ, दोनच जमले तर काही नाही. कांद्याला शून्य. पंधरा मिनिटांत खेळ खलास. विचार करायला वेळच नाही, म्हणजे तो कोणासाठी काढलाय ते उघड आहे.

बसलो नेहमीसारखेच. दारासमोर मानाच्या जागी विहीणबाई, म्हणजे बालझान, सुनेची आई. त्या पाहुण्या. दर शुक्रवारी येणाऱ्या बाईला किती वर्षं पाहुणी म्हणायचं हे मी अजून कोणाला विचारलेलं नाही. त्यांच्या उजवीला मी. माझ्या उजवीला नात अकबोता, वय आठ. तिच्यापलीकडे दाराशी, चहा ओतायला, गौहर, आमची सूनबाई. मग दौलेत.

पहिल्याच फेरीत अकबोताकडून माझ्याकडे मुंडी आली. आमच्याकडे मुंडी मानाच्या पाहुण्यालाच वाढतात. पत्ता असला म्हणून काय झालं? पाहुणी शेजारी बसलेली असताना मुंडी स्वतःपुढे ओढणारं माझं माहेर नव्हे. दुसरा पत्ता ठेवला आणि बाकीचे दोन्ही हातांनी विहीणबाईंना दिले. त्यांनी लगेच मुंडी उघडली आणि म्हणाल्या, "वा, विहीणबाई! अजून गरम आहे."

सगळे हसले. खेळ त्या जिंकल्या. खेळच तसला.

५ एप्रिल
सुट्टीचा विषय निघाला. अकबोताला जूनपासून मी मर्केला नेणार, हे मी गृहीतच धरलं होतं. ह्यांचं तिथलं घर तीन वर्षं बंद आहे. हे गेल्यापासून कुलूप काढलेलं नाही. घराला हवा लागायला हवी, एवढंच. मला काही हौस नाही. पण एकटीने जायचं म्हणजे गुडघे.

विहीणबाई फोनवर म्हणाल्या, छे, पोरीला मी बाल्खाश तलावावर नेणार, माझ्या भावाकडे, पोहायला शिकेल. मी म्हटलं, आमच्या खानदानात कोणी बुडालेलं नाही. त्या म्हणाल्या, पाण्यात उतरलं तर बुडेल ना कोणी!

दौलेत वैतागला. दोघींना म्हणाला, मे अखेरपर्यंत दर शुक्रवारी खेळा, एकूण पॉइंट जिचे जास्त तिच्याकडे पोरगी. चेष्टेत म्हणाला. विहीणबाई म्हणाल्या, मंजूर. मग मी काय मागे हटणार?

गौहर हळूच म्हणाली, अकबोताला विचारू या का. मी म्हटलं, आमच्याकडे मुलांना विचारून कामं होत नाहीत.

जिंकणार हे नक्की आहे. मर्केच्या शेजारणीला निरोप धाडला, अंगण झाडून ठेव.

११ एप्रिल, शुक्रवार
विहीणबाई ३८, मी १९. काळजीचं कारण नाही. आज मी निरीक्षण करत होते.

निरीक्षण: अकबोताला हिशेब कळत नाही. हातात मुंडी असून कांदा ठेवते. एकदा नाही, दोनदा. गौहरही तसलीच. बौर्साकचा एकच पत्ता घेऊन बसली आणि पुढच्या वेळी चहाचा पत्ता घेतला. आईचीच अक्कल पोरीत उतरलीय. पाढे मी घेतले असते तर ही वेळ आली नसती.

दोन मुंड्या माझ्याकडे आल्या, दोन्ही पुढे दिल्या. हा डावपेच आहे. मुंडीची चटक लागली की माणूस बौर्साककडे दुर्लक्ष करतो, आणि खरे पॉइंट बौर्साकमध्ये आहेत.

१२ एप्रिल
स्वयंपाकघरात एकटीने प्रॅक्टिस केली. पाचही जणांचे पत्ते मीच खेळले. जिंकले.

१८ एप्रिल, शुक्रवार
विहीणबाई ४१, मी २२. त्यांनी एकही बौर्साक घेतला नाही. म्हणजे माझं गणित बरोबर आहे, फक्त पॉइंट त्यांना मिळतायत.

मुंडी पुढे देताना आज मन घट्ट केलं होतं. पण त्यांनी आधीच तळहात पुढे केला. "द्या हो, विहीणबाई. तुमच्या घरी मी उपाशी राहिलेय असं व्हायचं नाही." आता पुढे केलेल्या हाताचं काय करायचं?

नंतर गौहर आत गेली होती म्हणून चहा मी ओतला. त्यांचा पियाला चुकून काठोकाठ भरला. अर्धा द्यायचा असतो हे मला का माहीत नाही? भरलेला पियाला म्हणजे 'आता निघा'. दौलेतचा चेहरा पडला. विहीणबाईंनी पियाला उचलला, एका दमात रिकामा केला, आणि परत माझ्यापुढे धरला. "तहान फार होती. अजून एक भरा, मग बघू निघायचं."

हात थरथरला होता, बाकी काही नाही. वय झालं की थरथरतो.

२५ एप्रिल, शुक्रवार
ठरवलं, जागाच बदलायची. विहीणबाईंच्या उजवीला बसलंच नाही, तर मुंडी त्यांना द्यायचा प्रश्न येत नाही. जाऊन दाराशी गौहरजवळ बसले. दौलेत म्हणाला, "आई, तिथे सून बसते. लोक काय म्हणतील?" घरात लोक कुठले? आम्ही पाचच. पण उठले.

एवढ्यात अकबोताही माझ्यामागून दाराशी येऊन बसली होती. मी उठल्यावर तीही उठली. पुन्हा माझ्या उजवीला येऊन चिकटली. हट्टी पोर. तिला म्हटलं, जरा बाबांजवळ बस. म्हणाली, नको, मला तुझ्याच आधी बसायचंय.

विहीणबाई ३६, मी २७. फरक कमी झाला! नऊच. दर आठवड्याला असा कमी होत गेला तर मे अखेरीस मी पुढे असेन. हे शाळेतल्या पोरालाही मांडता येईल.

एकूण फरक मांडलेला नाही. एवढ्यात कशाला?

२ मे, शुक्रवार
निश्चय: आज मुंडी ठेवायची. वाट्टेल ते झालं तरी.

(रात्रीच्या जेवणाआधी) मुंडी आली. बोटांत धरली. अकबोता श्वास रोखून बघत होती, तिला काय कळत होतं देव जाणे. मी ठेवणार, इतक्यात विहीणबाईंनी अंगावरची शाल सारखी केली. मी त्यांना लग्नात दिलेली. निळी. दहा वर्षांनंतरही नीट वापरलीय, एक धागा निघालेला नाही. अशा बाईसमोर मुंडी उघडी करून आपल्यापुढे मांडायची?

पुढे दिली. टेबलाखाली कोणीतरी माझ्या पायावर जोरात लाथ मारली. अकबोता असणार. बसण्याची रीत नाही पोरीला.

पॉइंट लिहायला विसरले.

९ मे
आज खेळ नाही, विहीणबाई वडिलांच्या कबरीवर फुलं ठेवायला गेल्या. बरं झालं, तयारीला वेळ मिळाला. कुलपासाठी तेल आणलं. अकबोतासाठी मर्केच्या ओढ्यात घालायला प्लास्टिकच्या सपाता आणल्या, लाल. शेजारणीने कळवलंय की ह्यांनी लावलेला जर्दाळू यंदा लगडलाय. मुलांना काय, फांदीवर बसून खातील. हे खालून ओरडायचे, कच्चे नका तोडू रे, आणि मग स्वतःच तोडून द्यायचे.

ते जाऊ दे.

१६ मे, शुक्रवार
अकबोताची शिकवणी घेतली. खेळाआधी तिला बाजूला बसवून पत्ते दाखवले. "ही मुंडी. ही दहाची. ही आली की ठेवायची. कांदा ठेवायचा नाही. कळलं?"

म्हणाली, "कळलं. ही आली की ठेवायची. तू."

"मी नाही, तू!"

"तू," म्हणाली. मोठ्यांना उलट बोलायची ही नवीन फॅशन. गौहर दाराआडून ऐकत होती. तोंडावर हात ठेवून आत पळाली. हसत असणार.

खेळात पोरीने पुन्हा कांदा ठेवला. शिकवणी वाया.

विहीणबाई ४४. मी १४.

२३ मे, शुक्रवार
आज विहीणबाईंना मुंडी दिली तर म्हणाल्या, "विहीणबाई, तुमचं मन फार मोठं हो." टोमणा असणार. मी म्हटलं, "आमच्याकडे रीतच तशी आहे." त्या काहीतरी बोलणार होत्या, पण दौलेत त्यांना म्हणाला, चला, पत्ता ठेवा, सगळे थांबलेत.

एकूण हिशेब शेवटी मांडला. त्या ९७ने पुढे. पुढच्या शुक्रवारी दोन डाव खेळायचं सुचवेन. मला मिळालेली प्रत्येक मुंडी ठेवली, वर बौर्साकचे संच जमले, तर सहज शक्य आहे. जगात याहून मोठे फरक भरून निघालेत.

अकबोताची शाळा संपली. वर्षाच्या शेवटच्या घंटेच्या समारंभाला पांढऱ्या फिती बांधून गेली होती. घरी येऊन पिशवी भरत बसली. मी पाहिलं, लाल सपाता सगळ्यांत वर. कुठे निघालीस विचारलं, तर म्हणाली, शुक्रवारी कळेल.

३० मे, शुक्रवार
सगळं सविस्तर लिहून ठेवते, नंतर कोणी वेगळं सांगायला नको.

दोन डावांना सगळे कबूल झाले. चार मुंड्या माझ्याकडे आल्या. चारही अकबोताकडून. पहिली विहीणबाईंना दिली, कारण त्या आज खोकत होत्या. दुसरी दिली, कारण पहिली दिली होती. तिसऱ्या वेळी माझं लक्ष नव्हतं. चौथ्या वेळी पत्ता पुढे सरकवला, आणि अकबोताने आपले सगळे पत्ते दस्तरखानावर फेकले, जामच्या वाटीत.

रडत ओरडली, "आजी! मी सगळ्या मुंड्या तुला देत होते! आईपण मला देत होती, तुला द्यायला! आणि तू सगळ्या त्यांना!"

गौहर मान खाली घालून जामच्या वाटीतला कांदा पुसत होती.

मी म्हटलं, "तुला मर्केला यायचं होतं, तर बोलायचं नाही का?"

"तूच म्हणालीस, मुलांना विचारत नाहीत!"

मग विहीणबाई बोलल्या. नेहमीचा आवाज नव्हता. "अगं बाई! आणि मला वाटत होतं, विहीणबाईंना सुट्टीत निवांत राहायचंय, तोंडाने बोलवत नाही, म्हणून मुद्दाम मला जिंकवतायत. दर वेळी दोन्ही हातांनी देत होत्या. दिलेली मुंडी मी परत कशी करणार? मला तरी कुठे एवढी खायची होती?"

आणि मग म्हणाल्या, "हे सगळं जाऊ द्या. पोरगी तुम्ही न्या मर्केला. मी माझ्या भावाला कळवते."

सगळे माझ्याकडे बघत होते. अकबोताने रडणं थांबवलं. तिच्या नाकाला जाम लागला होता. मी तोंड उघडलं, आणि तोंडातून काय निघालं, तर "नाही नाही, विहीणबाई, असं कसं? तुम्ही पाहुण्या. आधी तुम्ही."

त्या म्हणाल्या, "अहो, न्या हो."

मी म्हटलं, "ठरलं ते ठरलं. मला जूनमध्ये खूप कामं आहेत."

त्यांनी मान खाली घातली. आमच्याकडे तीनदा आग्रह करतात. त्यांनी दोनदा केला. तिसऱ्यांदा केला असता तर मी हो म्हटलं असतं. बहुतेक.

१ जून, रविवार
गेल्या. गाडी सकाळी दहाची होती. गौहर आणि दौलेत पोहोचवायला गेले, आता पोरीशिवाय घरी येऊन काय करायचं म्हणून दुपारी बाहेरच जेवणार आहेत. विहीणबाई घरातून निघताना म्हणाल्या, चला की तुम्हीही, तलावावर हवा चांगली असते. मी म्हटलं, कामं आहेत.

अकबोता लाल सपाता घालून गेली. तलावातही चालतील.

जूनमधली कामं लिहून काढायला बसले. कुलपाचं तेल कपाटात ठेवायचं. मर्केच्या शेजारणीला कळवायचं, जर्दाळू तुम्हीच काढा.

आणखी आठवलं नाही.

मग पत्ते काढले. पाच ठिकाणी सात-सात वाटले. प्रत्येकाच्या जागी जाऊन बसले, त्यांचा एक ठेवला, बाकीचे पुढे सरकवले. अकबोताच्या जागी बसून कांदा ठेवला, ती ठेवायची तसा. मग माझ्या जागी येऊन बसले, आणि तिने दिलेले पत्ते उचलले. वर मुंडी. थोडी चिकट होती, जाम लागलेला.

मानाची जागा रिकामी. घरात कोणी नाही. बराच वेळ हातात धरून बसले.

मग दोन्ही हातांनी डावीकडे ठेवली.