खेचर-दाणा

जळकोट, ता. तुळजापूर
दि. ११ मार्च १९८६

ती. अक्कास,
सिद्धलिंगचा शिरसाष्टांग नमस्कार. इकडं सर्व ठीक. विहीर सकाळी थोडी झिरपते, त्यात भागवतो. दाजींचा खोकला कमी झाला का? बैलांचं विचारलंस, ते पुढं लिहितो.

महांतप्पा उमरग्याच्या गाडीतून उतरला आणि तुझा निरोप त्यानं भर पारावर सांगितला. "अक्का म्हणती, दुष्काळापुरती सांभाळायला दिलेली माझी गाभण गौरा, तिला खेचर खाऊ घालतोस व्हय? आमी गाय न्यायला येतो." सगळे हसले.

खेचर हा शब्द माझाच. दूध संस्थेत ट्रिटिकेलचं पोतं आलं, तेव्हा मी सांगितलं, हा गहू आणि राय यांचा संकर. शिवलिंगप्पा म्हणाला, "राई? मग फोडणीला घाला की!" राय म्हणजे मोहरी नव्हे, थंड मुलखातलं धान्य, हे त्याला काही पटेना. म्हणून म्हणालो, घोडी आणि गाढवाचं खेचर होतं ना, तसं हे. तिथं घात झाला. खेचराला पोर होत नाही हे लहान लेकरालाही ठाऊक. गाभण जनावराला कोणी तो दाणा घालीना. पोतं माझ्याकडं आलं.

दाणा गव्हाहून लांबट, अंगावर सुरकुत्या, दिसायला आपल्यासारखाच दुष्काळी. पण दूध-मांस ज्यानं बनतं ती प्रथिनं ज्वारीपेक्षा जास्त, आणि गव्हात कमी पडणारं लायसिन नावाचं सत्त्व यात बरं असतं. पोत्यासोबत आलेली पुस्तिका मी पाठ केली आहे. चुन्याचा अंश कमी, तो वरून घालतो. अख्खा दाणा शेणात तसाच पडतो, पीठ केलं तर पोट फुगतं. म्हणून जाडसर भरडा, तोही बेतानं, कडब्याच्या कुट्टीत आणि करडईच्या पेंडीत मिसळून. पहिली भाकरी मीच खाल्ली. चिवट, पण गोडसर.

तुझी भीती अगदीच वाया नाही. या पिकात कधी काळे, उंदराच्या लेंडीसारखे दाणे येतात. ती बुरशी. पोटात गेली तर गाय गाभडू शकते. म्हणून रोज सूप घेऊन बसतो. अजून एकही निघालेला नाही, तरी बसतो. तुझी भावजय म्हणते, "बहिणीच्या गाईसाठी निवडताय, घरचे तांदूळ कधी निवडलेत का?"

वंशाची शंका मलाही होती. मग डोक्यात आलं, ट्रिटिकेल पेरूनच तर हे पोतं भरलं. खेचर असतं तर कणसात दाणा कुठून भरला असता? तरी मूठभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळले. पांढरे मोड आले, अक्का. दिवसभर उघडून उघडून बघत होतो.

बैल मागच्या महिन्यात गेले. बाजारात मी मागं वळून पाहिलं नाही. गोठ्यात आता गौरा एकटीच. ती हंबरली की मी टोपलं घेऊन उठतो. ती गेल्यावर कशासाठी उठायचं, ते पुस्तिकेत नाही.

सोबत चिमूटभर दाणे पाठवतो. ओल्या फडक्यात बांधून देवळीत ठेव. मोड आले तर गौरा विईपर्यंत इथं राहू दे. नाही आले तर दाजींना पाठव, मी अडवणार नाही. फक्त येताना तुमचं दावं आणा. तिच्या गळ्यातलं दावं माझ्या बैलाचं आहे, ते गोठ्यात राहील.

दाव्याचं दुसरं टोक धरून बसलेला,
तुझा धाकटा
सिद्धलिंग