बरणीतली मुळं

१४ डिसें., रवि.
सकाळी सकाळी साठे काकू वर आल्या. आमच्या खालच्याच मजल्यावर राहतात, सोसायटीच्या सेक्रेटरी. हातात ओला टॉवेल.
"अहो, तुमच्या कुंड्यांची आंघोळ आमच्या दोरीवर होते. कपडे आम्ही आधीच धुतलेले असतात."
१ फेब्रु.च्या मीटिंगमध्ये विषय घातलाय म्हणे: गॅलरीतल्या कुंड्या काढणे. इमारतीत कुंड्या आहेत कुणाला? मलाच! वर्ध्याहून कर्वेनगरात येऊन चार वर्षं झाली. इथे माझं म्हणावं असं काय आहे, तर ही पस्तीस झाडं. ती काढणार म्हणे.
श्री म्हणाला, "देऊन टाक ना, कटकट गेली." नवरा आहे की काय आहे!

१५ डिसें.
सुचलं!! चहा गाळता गाळता सुचलं. पाणी गळतं कुठून? कुंडीच्या भोकातून. भोक कशाला? जास्तीचं पाणी जायला. पण कुंडी आरपार दिसणारी असली तर? पाणी किती साचलंय ते दिसणार, बेतानंच घालायचं, भोकाची गरजच नाही!
फराळाच्या प्लास्टिकच्या बरण्या! पुण्यात माणसं काय वाटेल ते टाकतील, बरणी टाकणार नाहीत. घरोघर माळ्यावर ढीग असेल.
आणि यंदा संक्रांतीचं हळदीकुंकू माझ्याकडे. वाण म्हणून हेच लुटायचं, बरणीत लावलेला पानओवा. प्रत्येकीच्या हातात पुरावा! मग मीटिंगला कोण बोलतंय बघते.

१८ डिसें.
दारोदार फिरून बावीस बरण्या जमवल्या. "कशाला गं?" "गंमत आहे." साठे काकूंनीही एक दिली, घासून परत करा असं बजावून.
ओव्याच्या बावीस काड्या लावल्या. कठड्याच्या आत उन्हात ओळ मांडली. माती दिसते, पाणी दिसतं, सगळं आरपार. इतकं देखणं!
श्री: "लोणच्याचं दुकान टाकलंस?"
टाकीन. तुला उधार मिळणार नाही.

३० डिसें.
मुळं!!! बरणीच्या भिंतीला चिकटून, पांढरी, शेवईसारखी. एवढी झाडं लावली जन्मात, पण मूळ वाढताना कधी पाहिलं नव्हतं. श्रीला अंघोळीतून ओढून आणलं. बघितलं त्याने. "हं," म्हणाला. पण नंतर स्वतःहून दोनदा बघून आला, मी पाहिलं.
आज फरशी पुसायचीसुद्धा राहिली. दर तासाला जाऊन बघतेय, वेड लागलंय.

४ जाने.
आईला व्हिडिओवर दाखवलं. ती कपाळावर आठ्या घालून:
"हे काय करून रायली वं? मुळाईले उजेड दाखवते का कोनी?"
"अगं, दिसतात किती छान!"
"तुले दिसते म्हनून त्याईले आवडते का, बाप्पा?"
जळलं मेलं! कधी म्हणून कौतुक नाही. चांगलं म्हटलं तर तिची जीभ झिजते.

९ जाने.
आईचं खरं झालं. आतून हिरवं शेवाळ धरलंय सगळ्या बरण्यांना, आणि वास मारतोय. दोन काड्या उपटल्या, खालून काळ्या, बुळबुळीत. उन्हाकडची मुळं तपकिरी पडलीत. बरणीला दुपारी हात लावला तर चटका! आणि पाणी दिसतं खरं, पण वरची माती कोरडी वाटली की मी घालतच होते. दिसून उपयोग काय, हात राहत नाही ना.
नऊ दिवसांत ह.कुं. बावीस बायकांना आमंत्रण गेलंय. रडले. खरंच रडले.

१० जाने.
थांब थांब थांब. एक बरणी ठणठणीत आहे! तडकलेली म्हणून वर्तमानपत्र गुंडाळून कोपऱ्यात सारली होती, ती. कागद सोडला तर मुळांचं नुसतं जाळं, पांढरंशुभ्र. तड्यातून जास्तीचं पाणी गेलं, कागदामुळे अंधार मिळाला.
म्हणजे बरणी चालते! तिला भोक हवं, अंधार हवा, आणि ऊन फक्त पानांना. पण मग गळणार...
झाकण!! बरणीचं झाकण उलटं करून खाली ठेवायचं, झाली बशी! पाणी त्यात. एक थेंब खाली जाणार नाही. आणि अंधाराला काळं कापड. एरवी सणाला काळं म्हटलं तर बायका अंगावर येतील, पण संक्रांतीला? संक्रांतीला काळंच तर लागतं!
श्रीने गॅसवर स्क्रू ड्रायव्हर तापवून सगळ्यांना भोकं पाडून दिली. न सांगता. बोटही भाजून घेतलं.

१४ जाने., संक्रांत
मेलेल्या सहा काड्या बदलल्या, सगळ्यांची माती नवी. जुन्या काळ्या साडीची झबली शिवतेय, बरणीला घालायची. खाली ओढलं की मुळं दिसतात, वर केलं की अंधार. पाठ मोडली, पण काय मजा येतेय!

१८ जाने., रवि.
ह.कुं. झालं! सगळ्या आल्या. साठे काकूंनी वाण हातात घेतलं, झबलं उतरवलं, बरणी वर धरून बूड पाहिलं. नेलपॉलिशनं 'सा.'
"ही माझीच बरणी. माझंच वाण मला देतेस?"
मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. बावीस बरण्यांत तीच नेमकी त्यांच्या हातात द्यायची होती मला! तोंडातून निघालं, "काकू, घासून परत करायला सांगितली होती, भरून केली."
बाकीच्या सगळ्या हसल्या. काकू हसल्या नाहीत, पण बरणी घेऊन गेल्या. "अहो-जाहो"वरून एकदम "देतेस"वर आल्यात, हे मागाहून लक्षात आलं.

२५ जाने.
कठड्यावरून वाकून पाहिलं. साठे काकूंची बरणी खिडकीत, भर उन्हात, झबल्याशिवाय! मुद्दाम केलंय. मीटिंगमध्ये मेलेलं झाड नाचवणार. एवढं समजावून सांगितलं होतं. संताप संताप झाला.
माझ्या पस्तीसच्या पस्तीस कुंड्यांखाली मात्र आता जुन्या डब्यांची झाकणं. दहा दिवसांत खाली एक थेंब नाही.

१ फेब्रु., रवि.
मीटिंग अकराला. दहाला बेल. साठे काकू, पदराआड बरणी. काडी मान टाकून, मुळं तपकिरी.
"झबलं मीच काढलं होतं," दारातच म्हणाल्या. "सकाळच्या चहाला बघत बसायचे. रोज मूळ थोडं पुढं गेलेलं असायचं. घरात दुसरं काय हलतंय?" मग एकदम, "जगेल ना गं?"
किती काय काय ठरवलं होतं बोलायचं! वरचा हिरवा शेंडा होता, तो खुडून नव्या मातीत लावला. झबलं घातलं. म्हटलं, सांगता येत नाही काकू, पंधरा दिवस तरी उघडून बघायचं नाही.
"पंधरा दिवस?" अगदी पडला चेहरा. मग पदर खोचून उठल्या. "बरं. मग तो कुंड्यांचा विषयही मी पुढच्या मीटिंगला ढकलते. आधी हे काय होतं ते बघू."
खाली गेल्या. बरणी दोन्ही हातांत धरून, एकेक पायरी.
आता माझ्या पस्तीस कुंड्या त्या एका शेंड्यावर. आणि काकूंना पंधरा दिवस धीर धरवणार आहे का!