अकरा पोत्यांचं स्टेपल

१२ नोव्हेंबर

टेंपो परत आला! अकरा जणींचा कापूस, अकरा पोती, जशीच्या तशी. भोकरदनला सरकी काढायच्या जिनिंगवर कापूस बघणाऱ्या कल्याणनं पोत्यांच्या तोंडातून चिमूट-चिमूट ओढली, बोटांत ताणली आणि म्हणाला, "स्टेपल बसत न्हाई." स्टेपल म्हणजे काय, विचारलं. "तुम्हाला काय करायचं ताई? वीस तारखेला परत आना. तवाबी असाच निघाला तर तुमच्या गटाचा माल बंद." हमाल हसले.

गट मी जमवलाय, घरोघर हिंडून. बायकांना आता काय तोंड दाखवू? स्टेपल म्हणजे मला एकच माहीत — कागदाला मारतात ती पिन. उद्या शोधते. सोडणार नाही!

१३ नोव्हेंबर

शाळेत बद्रीनाथ सरांकडं जाडजूड इंग्रजी कोश आहे. सर म्हणाले, "तूच वाच." बारावीनंतर आज इंग्रजीला हात लावला. पहिला अर्थ — दोन टोकांचा वाकवलेला खिळा. मग — रोजच्या जेवणातलं मुख्य धान्य, म्हणजे आमची ज्वारी. मग — जुन्या काळची पेठ, जिथं ठरावीक माल आणावाच लागे. लोकर म्हणे तिथंच विकायची. आणि पार खाली — कापसाच्या, लोकरीच्या धाग्याची लांबी.

एवढंच होय! 'धागा आखूड आहे' म्हणाला असता तर जीभ झडली असती का त्याची?

१४ नोव्हेंबर

शब्द डोक्यातून जाईना. परत सरांकडं. मूळ काय, तर खांब! फार जुन्या इंग्रजीत खांबाला हाच शब्द होता. "पेठेचा अर्थ दुसऱ्या भाषांतून फिरून आला," सर म्हणाले, "आन धाग्याला स्टेपल का म्हणून राह्यले, ते बराबर कुनालाच म्हाईत न्हाई." कोशात चक्क 'कदाचित' छापलंय — कदाचित त्या पेठेत लोकर निवडत म्हणून. मला फार आवडलं. एवढे शिकलेले लोक 'कदाचित' लिहितात आणि कल्याण चिमटीत निकाल लावतो!

१६ नोव्हेंबर

शब्द कळला, पण हाताला कळायला पाहिजे. भोकरदनला भंवरलाल काकांकडं गेले. चाळीस वर्षं कापसाचा व्यापार केला, आता दुकान मुलाकडं. आधी बघतच राहिले — बाई कशाला आली? मग म्हणाले, "हात धुवून ये, बेटी."

पुंजका दोन अंगठ्यांत धरायचा, ओढायचा, अर्ध्यावर अर्धा ठेवायचा, परत ओढायचा. धागे सरळ झाले की काळ्या कापडावर ठेवून पट्टी लावायची. "जल्दी करू नको. कापूस खोटं बोलत न्हाई, हात बोलतो." मी माझ्या पोत्यात हात खोल घालून नमुना नेला होता. एकोणतीस मिलिमीटर! काका म्हणाले, "बिलकुल चोख माल."

म्हणजे कल्याण खोटारडा. बघतेच आता!

१७ नोव्हेंबर

बोटं सोलली. तरी पन्नास पुंजके ओढले.

१८ नोव्हेंबर

अकराही पोती उसवली. आतला कापूस सगळीकडं अठ्ठावीस, एकोणतीस. तोंडाशी वीस! एकूण एक पोत्यात.

सासूबाई शेजारी सुतळी वळत होत्या. त्या एकदम सहज म्हणाल्या, "मूठ मी टाकली. बांधावरच्या देवकापसाची. बरकतीच्या मुठीबिगर कापूस घरातून जात न्हाई, बाई. माझ्या सासूनं शिकवलंय." वातींचा कापूस! खरखरीत, आखूड. गुडघे धरतात म्हणून वेचणीऐवजी गटाची पोती शिवायचं काम मीच त्यांना दिलं होतं. इतकी वर्षं कापूस मोकळा गाडीत जायचा, त्यात मूठ कुठं दिसते? कल्याण खरं बोलत होता.

राग आला. खूप आला. पण त्यांनी अकराच्या अकरा पोत्यांत टाकली होती, फक्त घरच्या नाही.

१९ नोव्हेंबर

हे म्हणाले, "गुपचूप काढून टाक की. म्हातारीला कशाला सांगती?" मी नाही ऐकलं. काळ्या कापडावर दोन्ही पुंजके ठेवून सासूबाईंना दाखवले, पट्टी लावली. कितीतरी वेळ बघत होत्या. "मंग इतकी वर्सं मी मालच खराब करून राह्यले का?" 'तसं नाही,' म्हटलं. चार वेळा म्हटलं. जेवल्या नाहीत.

मुठी काढल्या. पोती मी शिवली.

२० नोव्हेंबर

पास! कल्याणसमोर मीच पुंजका ओढला. त्यानं पट्टी लावली — एकोणतीस. "ताई, हे कुठं शिकलात?" हमालांनी पोती उतरवायला घेतली. त्याला सांगितलं, त्या दिवशी तुझंच बरोबर होतं, चूक आमच्याकडची. जड गेलं, पण सांगितलं. पुढच्या वेचणीचा माल सरळ आणा म्हणाला. बायकांनी टेंपोत बसून राजूरच्या गणपतीला जायचं ठरवलंय. मी आज कोणालाच भीत नाही!

२१ नोव्हेंबर

सकाळी शेतात गेले. सासूबाईंनी बांधावरची देवकापसाची सगळी झाडं उपटली होती. एकटीनं, त्या गुडघ्यांवर बसून.