गुंडाचा म

पलूस,
६ फेब्रुवारी १९७४

प्रिय शालू,

माझं अक्षर ओळखून तू पाकीट न फोडताच ठेवून देशील, म्हणून पत्ता आक्काताईंकडून लिहून घेतला आहे. त्या आमच्या बालवाडीच्या मदतनीस. ‘पाटण’मधला ण त्यांनी तीनदा गिरवला, तेव्हा पत्र पोचेलच.

हो, मी इथे बालवाडी चालवते. सांगलीत गाण्याच्या परीक्षा दिलेली आपली मुलगी चाळीस शेंबड्या पोरांना बडबडगीतं शिकवते, हे बाबा कुणाला सांगत नाहीत. ‘शिक्षिका आहे’ एवढ्यावर भागवतात. यंदा मला वाटलं, या पोरांना सूर ओळखता आले तर? पेटी नाही, तंबोरा नाही. मग अंगणात फक्कीनं सात चौकोन आखले आणि सात पोरं उभी केली. ज्याच्या डोक्याला हात लावीन त्यानं आपला सूर म्हणायचा. सूर कोमल झाला की खाली बसायचं, तीव्र म आला की टाचा उचलायच्या. सा आणि प मात्र जागचे हलत नाहीत, असं सांगितलं. सा झालेली बनू इतकी मन लावून उभी राहिली, की मधल्या सुट्टीतली सुकडीसुद्धा तिनं चौकोनातच खाल्ली.

पुढे मी भूप राग काढला. त्यात म आणि नी नसतात, म्हणून त्या दोघांना सुट्टी दिली. नी आनंदानं चिंचेखाली पळाला. म म्हणजे गुंडा. तो रडत घरी गेला आणि आईला म्हणाला, बाईंनी मला रागातनं काढलं. थोड्याच वेळात त्याची आई तानुबाई हातात खुरपं घेऊन दारात.

“आवं बाई, माझ्या लेकरानं काय केलं म्हनून त्येच्यावर येवढा राग?”

मी राग म्हणजे काय ते समजावलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं.

“मग ज्येच्यात त्यो हाय असलं गानं घ्या की.”

मला पटलं. दुसऱ्या दिवशी दुर्गा घेतला. त्यात म आहे, पण ग नाही. आणि ग हा हंबीररावांचा नातू. हंबीरराव फौजेतून सुभेदार होऊन आलेले, बालवाडीची खोली त्यांच्याच मालकीची. नातवाला ड्यूटीवरून का हटवलं, याचा त्यांनी खुलासा मागितला. शेवटी बिलावल धरला. सातही सूर कामावर, कुणाची तक्रार नाही.

सव्वीस जानेवारीला गावासमोर कार्यक्रम झाला. सा, रे, ग सुरेख लागले. गुंडाचा म मात्र करडू ओरडावं तसा भलतीकडेच गेला. पोरं हसली, मग मांडवभर हसू पसरलं. गुंडा मान खाली घालून चड्डीची नाडी पिळत राहिला. तानुबाई उठून उभी राहिली. या खेपेला तिचे हात रिकामे होते, तरी मला भीती वाटली. मी त्याच्या चौकोनात जाऊन बसले, त्याचा तळहात माझ्या गळ्यावर ठेवला आणि म लावला. गळा थरथरला तशा त्याला गुदगुल्या झाल्या, तो खुदकन हसला, आणि हसता हसता त्याचा म नेमका लागला. मग तो थांबेचना. प ताटकळत राहिला.

शालू, तेव्हापासून तू डोळ्यांसमोरून हलत नाहीस. सांगलीच्या त्या परीक्षेत तुझा सूर घसरला, परीक्षक म्हणाले, या मुलीनं शेंगा फोडाव्यात, आणि सगळे हसले. तू नेमकं माझ्याकडे पाहिलंस. सगळ्यांत मोठ्यानं मी हसत होते. तुझा गळा माझ्याहून चांगला होता आणि पुढचा नंबर माझा होता. मी पहिली आले. तू क्लास सोडलास. कुणी विचारलं की मी सांगायची, शालूचं लग्न ठरलं. तुझं लग्न तर दोन वर्षांनी झालं. मी चुकले. एवढं लिहायला मला नऊ वर्षं लागली. उत्तर द्यावंसं वाटलं नाही तर देऊ नकोस. पण तू अजून गातेस का, तेवढं एका ओळीत कळव.

तुझीच,
चंदनबाला